सोडण्याआधीचे शिक्षण

मनवेलपाडा, फुलपाडा यांसारखे विरार पूर्वेकडील एकेकाळचे पाडे आणि त्यांच्या पूर्वेला पसरलेले तुंगारेश्वरचे डोंगराळ रान यांचा कुत्र्याच्या साहाय्याने होणाऱ्या शिकारीच्या दृष्टीने विचार केला, तर ही भूमी धावणाऱ्या कुत्र्याची नाही, हे लगेच लक्षात येते. धावणारा कुत्रा म्हणजे जमिनीला नाक लावून माग काढणारा नव्हे, तर भक्ष्य नजरेच्या टप्प्यात धरून केवळ वेगाच्या बळावर त्याला गाठणारा कुत्रा. आणि अशा कुत्र्याला सर्वांत आधी हवी असते ती दूरवर उघडी पडलेली जमीन. वसई-विरारच्या बाजूला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, डोंगरउतारावर साग, ऐन, खैर आणि करवंदीच्या जाळ्या दाटतात, सपाटीवर भातखाचरांचे बांध एकमेकांना छेदत जातात, आणि बांधाआड किंवा जाळीत शिरलेला ससा क्षणार्धात दिसेनासा होतो. म्हणूनच उत्तर कोकणात शिकारीला जे कुत्रे माणसाबरोबर गेले ते गावठी, मध्यम अंगाचे, नाकावर विसंबणारे आणि भुंकून जागा दाखवणारे होते. त्यांचे काम जनावर उठवून वाघुरीकडे, म्हणजे वाटेवर ताणून लावलेल्या जाळ्याकडे, किंवा दबा धरून बसलेल्या माणसांकडे लोटण्याचे असे. वारली चित्रांतील शिकारीच्या दृश्यांत माणसांच्या पायांशी जी कुत्री दिसतात, ती याच सामूहिक पद्धतीतली आहेत.

सह्याद्री ओलांडून देशावर उतरले की चित्र पालटते. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड पडल्याने पाऊस कमी लागणारा, पट्टा आहे. येथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी साल बरे गेले असे मानतात, आणि जमिनीवर गुडघ्याच्या आतले गवत, तुरळक बोरी-बाभळी आणि नजर पोचेल तिथपर्यंत माळ असतो. या माळावर आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्याच्या व उत्तर कर्नाटकाच्या भागात जो उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कुत्रा वाढला, त्याला आखूड केसांचा असेल तर कारवान किंवा कारवानी आणि कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमी केसांची झालर असेल तर पश्मी म्हणतात. आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या कुत्र्याची निगुतीने पैदास केली, मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला त्याची जोडी भेट दिल्याची हकीकत आजही सांगितली जाते, आणि मुधोळ हाउंड हे नाव त्यातून रूढ झाले. एकाच कुत्र्याला केनेल क्लब ऑफ इंडिया कारवान हाउंड म्हणून नोंदवतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली तेव्हा त्यांत मुधोळचाही समावेश होता.

या प्रदेशात कुत्र्याच्या धावेकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींची जी प्रकरणे आहेत, त्यांत ‘सारमेयविनोद’ म्हणजे कुत्र्यांच्या साहाय्याने होणारी क्रीडा हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, आणि ज्या लातूर जिल्ह्यात पश्मी कुत्री आजही पाळली जातात, तो त्याला अगदी लागून आहे. यावरून आजची पश्मी थेट त्या काळापासून चालत आली असे म्हणता येत नाही, पण ज्या भूमीवर हा कुत्रा टिकला तिथे त्याच्या शिक्षणाचा विचार शतकानुशतके होत आला होता, एवढे निश्चित.

या शिक्षणाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम सशाची ओळख हवी. भारतातील रानससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, हा पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या सशापेक्षा निराळा प्राणी आहे: त्याच्या मानेवर मागच्या बाजूस काळा पट्टा असतो, तो बीळ खोदत नाही, गवताच्या बुडाशी अंगाच्या आकाराचा खोलगा करून त्यात दिवसभर दबून राहतो, आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. बीळ नसल्यामुळे त्याचा जीव दोनच गोष्टींवर अवलंबून असतो: एक, अगदी पाय पडेपर्यंत न हलणे आणि दोन, हललाच तर अचानक उसळून धावणे. त्याचे मागचे पाय पुढच्यांहून लांब असल्यामुळे चढावर तो कुत्र्याला सहज मागे टाकतो, आणि सपाटीवर कुत्रा अगदी जवळ आला की एकाएकी काटकोनात वळतो. मागचा जड कुत्रा वेगाच्या भरात पुढे निघून जातो आणि तो वळून परत येईपर्यंत सशाने गमावलेले अंतर पुन्हा कमावलेले असते. म्हणजे ससा पकडणे हे सरळ धावेत जिंकण्याचे काम नसून वळणावर न हरण्याचे काम आहे, आणि लहान कुत्र्याला जे शिकायचे असते त्यातील मोठा भाग हाच असतो.

कुत्र्याचे शरीर या कामासाठी घडलेले असते. भरधाव पळताना त्याचे चारही पाय प्रत्येक ढांगेत दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग ताणलेले असताना आणि एकदा पाय पोटाखाली आवळलेले असताना. त्यामुळे लवचीक कणा, खोल छाती आणि आत ओढलेले पोट ही या जातींची खूण बनली. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावर प्रकाशग्राही पेशींशी जोडलेल्या चेतापेशींचा आडवा दाट पट्टा असतो, आणि त्यामुळे क्षितिजावरची बारीकशी हालचालही त्यांना चटकन टिपता येते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी कवटीची लांबी आणि हा पट्टा यांचा संबंध २००४ साली दाखवून दिला. माणसाला एका वेळी सुमारे १८० अंशांचा परिसर दिसतो, तर अशा कुत्र्याला २४० अंशांहून अधिक.

स्वभावाच्या बाजूने पाहिल्यास, कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी मांडलेली साखळी येथे उपयोगी पडते. लांडग्याच्या शिकारीत हेरणे, टक लावणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, धरणे, मारणे, फाडणे आणि खाणे असे टप्पे क्रमाने येतात. माणसाने निवड करून घडवलेल्या जातींमध्ये यांतील काही टप्पे तीव्र होतात व काही मावळतात. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यात टक लावणे आणि पाठलाग उरतो, राखणीच्या कुत्र्यात जवळजवळ काहीच उरत नाही, आणि धावणाऱ्या कुत्र्यात पाठलाग व धरणे हे दोन टप्पे इतके प्रबळ असतात की चार महिन्यांचे पिल्लूही वाऱ्याने उडणाऱ्या चिंधीमागे झेपावते. पाठलाग त्याला शिकवावा लागत नाही, कारण तो रक्तातच आहे. शिक्षणाचा सगळा भर त्या पाठलागाची वेळ, जागा आणि शेवट ठरवण्यावर असतो. ससा पकडायला शिकवणे म्हणजे धावायला प्रवृत्त करणे, असा जो समज नवख्या माणसात असतो, त्याने अनेक चांगली पिल्ले वाया गेली आहेत.

पहिले सहा महिने पिल्लाला मोकळे हुंदडू देण्याखेरीज फारसे काही करायचे नसते, पण हुंदडणे मात्र उताराचे, ओढ्याचे, ढेकळांचे आणि बांधांचे हवे, कारण गुळगुळीत अंगणात वाढलेल्या कुत्र्याला पुढे वळणावर पाय कसा टाकावा हे कळत नाही. देशावर या कुत्र्यांचे खाणे ज्वारीची भाकरी, दूध, ताक आणि जमेल तसे अंडे असे असते. मांसाचा भरपूर मारा करून पिल्लाचे वजन झपाट्याने वाढवणे हाडांच्या दृष्टीने घातक ठरते. याच काळात हाकेचे शिक्षण होते. ‘यू यू’ अशी जी हाक खेड्यापाड्यांत कुत्र्याला घातली जाते, ती ऐकून आलेल्या पिल्लाला दर वेळी घास मिळाला पाहिजे आणि परत आल्यावर एकदाही मार बसता कामा नये, मग ते येण्याआधी काहीही करून आलेले असो. कारण पाठलागात असताना या कुत्र्याला जवळपास काहीच ऐकू येत नाही, आणि पाठलाग संपताच त्याच्या मनात ‘परतलो तर चांगलेच होईल’ एवढी एकच खात्री शिल्लक असावी लागते. ज्याला परत येण्याचे भय आहे तो माळावर तासन्‌तास भटकतो, आणि भटकणारा कुत्रा रस्त्यावर किंवा विहिरीत मरतो.

दुसरे शिक्षण पाळीव जनावरांचे आहे, आणि त्याला सशाच्या शिक्षणाहून अधिक महत्त्व द्यायला हवे. धावणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्याला पळणारे कोकरू, करडू किंवा कोंबडी आणि पळणारा ससा यांत उपजत भेद दिसत नाही. तो भेद माणसाने निर्माण करावा लागतो. पिल्लू तीन-चार महिन्यांचे असल्यापासून त्याला दोरावर धरून शेळ्यामेंढ्यांच्या कळपातून शांतपणे नेले जाते, नजर खिळली की दोराला हलका झटका देऊन पुढे चालवले जाते, आणि नजर वळवली की शाबासकी मिळते. हे शिक्षण वर्षभर आणि चुकार न होता द्यावे लागते. धनगरांच्या प्रदेशात ज्याच्या कुत्र्याने एकदा मेंढरू धरले त्याच्या कुत्र्याला गावात जागा उरत नसे, आणि हा न्याय कठोर वाटला तरी ज्यांची सगळी मत्ता चार पायांवर चालते त्यांच्या बाजूने तो रास्तच होता.

पाठलागाचा सराव दोरीच्या टोकाला बांधलेल्या चिंधीने किंवा कातड्याच्या तुकड्याने होतो. येथे नेमाने पाळायची गोष्ट एकच: पिल्लाची हौस फिटायच्या आत खेळ थांबवायचा. आठ-दहा धावा दिलेल्या पिल्लाला धाव हे काम वाटू लागते. दोन धावा दिलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी तिसरीची वाट पाहत उभे राहते. चिंधी हाती लागू न देणेही तितकेच चुकीचे आहे, कारण ज्याला कधीच यश मिळत नाही ते पिल्लू लवकरच प्रयत्न सोडते. धरलेली चिंधी माणसाच्या हातापर्यंत आणून द्यायला शिकवताना ती तोंडातून हिसकावली, तर पिल्लू जबडा अधिक आवळते आणि पुढे भक्ष्य चुरगळण्याची खोड लागते. म्हणून ती घासाच्या बदल्यात सोडवून घेतात.

त्यानंतर येते धरून ठेवण्याचे शिक्षण, आणि या विद्येचा गाभा तिथेच आहे. गळपट्ट्यात दुहेरी दोर घालून त्याची दोन्ही टोके हातात धरतात. एक टोक सोडले की दोर सरकून निघतो आणि कुत्रा झटक्याविना मोकळा होतो. पण तो मोकळा होण्याआधी उभा राहायला शिकलेला हवा. दोर ताणून, कण्हत, मागच्या पायांवर उभा राहणारा कुत्रा निम्मे बळ सोडण्यापूर्वीच खर्च करतो आणि सुटल्यावर पहिल्या वळणालाच दमतो. माणसाने सशाला अंतर द्यावे, हाही नियम याच शिक्षणाचा भाग आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक आरियन याने शिकारी कुत्र्यांवरील आपल्या ग्रंथात सशाच्या अगदी जवळ कुत्रे सोडू नयेत, दोनांहून अधिक सोडू नयेत आणि खऱ्या शिकाऱ्याला ससा मेल्यापेक्षा सुटल्याचा आनंद अधिक होतो, अशा आशयाचे विवेचन केले आहे. मादीला अकराव्या महिन्यानंतर आणि नराला दोन वर्षे पूर्ण झाल्याखेरीज धावेला नेऊ नये, असाही त्याचा सल्ला होता. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा अशा कुत्र्यांत साधारण एक ते दीड वर्षापर्यंत पूर्ण जुळत नाहीत आणि त्याआधी वेगात वळताना पडलेला ताण हाड कायमचे वाकडे करू शकतो, हे आजच्या पशुवैद्यकाने सिद्ध केलेले तथ्य आरियनने केवळ निरीक्षणातून गाठले होते.

तरुण कुत्र्याला मुरलेल्या कुत्र्याबरोबर सोडावे की एकट्याने, याविषयी धावेच्या परंपरांमध्ये दोन मते आहेत आणि दोन्हींमागे भिन्न जीवन आहे. मुरलेल्या कुत्र्याबरोबर पळणारा तरुण लवकर ताडतो की ससा वळवण्याचे कष्ट दुसऱ्याने केले तर आपण मधला रस्ता कापून अलगद पुढे येऊ शकतो. इंग्लंडमध्ये लँकशायरमधील ऑल्टकर येथे १८३६ पासून २००५ पर्यंत भरणाऱ्या ‘वॉटर्लू कप’ स्पर्धेत गुण वेगाला, मुसंडी मारून पुढे जाण्याला आणि ससा वळवण्याला असत, त्यामुळे असा कापून धावणारा कुत्रा तिथे बाद ठरे. ज्याच्या घरी रात्रीची चूल त्या सशावर अवलंबून असेल, त्याला मात्र असाच कुत्रा हवा असतो.

महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रकारच्या शिकारीचा अभ्यास झाला आहे. कैलाशचंद्र मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरमल नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी या तीन भटक्या समाजांच्या शिकारीची तुलना करून १९८३ साली दाखवले की या समाजांनी रानातील प्राणी आणि शिकारीच्या पद्धती आपसांत जणू वाटून घेतल्या होत्या: नंदीवाल्यांची शिकार प्रामुख्याने कुत्र्यांच्या साहाय्याने होई, वैदू लहान जनावरांना सापळे लावत, आणि फासेपारधी नावाप्रमाणे फाशांनी हरणे व पक्षी धरत. एकाच मुलुखात राहूनही परस्परांचे पोट न मारण्याची ही व्यवस्था होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे पारध्यांसारख्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो १९५२ पर्यंत उठला नाही. याच काळात संस्थानिकांच्या हातातला तोच कुत्रा मात्र खानदानीचे लक्षण म्हणून वाखाणला जात होता. धावणाऱ्या कुत्र्याचा इतिहास लिहिताना राजांची नावे येतात आणि त्याला रोज पळवणाऱ्यांची येत नाहीत, ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी पुढील अभ्यासकांची आहे. डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी १९६३ साली भारतीय कुत्र्यांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक आणि थिओडोर भास्करन यांचे २०१७ चे पुस्तक यांनी त्याची सुरुवात तरी करून दिली आहे.

कायद्याने ही शिकार टप्प्याटप्प्याने संपवली. मुंबई राज्यात वन्य प्राणी व पक्षी यांच्या रक्षणाचा कायदा १९५१ साली झाला, १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सशाचा समावेश झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर होणारी शिकारही जवळपास पूर्णपणे बंद झाली. आज माळावर कुत्रा सोडून ससा पकडणे हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असणेच योग्य आहे. ज्या माळांवर ही विद्या वाढली ते माळ पडीक जमीन म्हणून कारखाने, वसाहती आणि वनीकरणाच्या खड्ड्यांखाली गेले. जे उरले त्यांवर लांडगा, खोकड आणि कोल्हा यांना ससा हे एक भक्ष्य आहे, आणि त्यांच्या वाट्यावर माणसाच्या कुत्र्याने हात घालण्याइतकी सुबत्ता आता तिथे नाही. गावाबाहेर मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांचा उपद्रव तर निराळाच आहे: ते सशांना आणि चिंकारांना छळतात, शिवाय कुत्र्यांतील डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांपर्यंत पोचवतात. तुंगारेश्वरला २००३ पासून अभयारण्याचा दर्जा आहे; मनवेलपाड्यातून सुट्टीच्या दिवशी तिकडे जाणाऱ्याने आपला कुत्रा घरीच ठेवणे हे याच कारणाने आवश्यक आहे.

मग ज्याच्या रक्तात पाठलाग आहे अशा कुत्र्याचे आणि त्याला थांबवणाऱ्या या शिक्षणाचे काय करायचे? अमेरिकेत याचे एक उत्तर १९७० च्या सुमारास सापडले. कॅलिफोर्नियात मोकळ्या रानात सशांमागे धावणारी कुत्री काटेरी तारांच्या कुंपणांत सापडून जखमी होऊ लागली, तेव्हा लाइल गिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैदानात कप्प्यांवरून दोरी फिरवून तिच्या टोकाला पांढऱ्या प्लॅस्टिकची चिंधी बांधली; यंत्राने ओढलेली ती चिंधी सशासारखी एकाएकी वळत जाते आणि कुत्रे तिच्यामागे जिवाच्या आकांताने धावतात. १९७२ साली, म्हणजे भारतात वन्यजीव कायदा झाला त्याच वर्षी, या खेळाची संघटना तेथे स्थापन झाली. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक मोटर, काही कप्प्या आणि कुंपण घातलेले पाच-सहा एकरांचे मैदान. सोलापूर, सांगली, लातूर या जिल्ह्यांत ती जुळवणे अवघड नाही.

अशा धावेतही जुन्या शिकवणीतील एकही गोष्ट गाळता येत नाही. धाव पहाटे किंवा सूर्यास्ताला द्यावी लागते, कारण जोरकस धावेनंतर कुत्र्याच्या अंगातील उष्णता ४१ अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि त्याला ती मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकता येते. धावेआधी चार तास पोट रिकामे हवे, धावेनंतर पाणी थोडे थोडे द्यावे आणि बोटांच्या बेचक्यांत अडकलेले कुसळ हाताने चाचपून काढावे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत भरधाव कुत्र्याचा पाय अडकून मोडतो, म्हणून मैदान मुरमाड किंवा गवताळ निवडावे.

मेरठच्या सैनिकी केंद्रात मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेण्यात आली, २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात या जातीचा उल्लेख केला, आणि त्यानंतर शहरांतून पिल्लांची मागणी वाढली. कौतुक झाले ते चांगलेच, पण त्यात एक धोका आहे. प्रदर्शनात कुत्रा उंची, रंग आणि उभे राहण्याच्या ऐटीवर पारखला जातो. पंचवीस किलोंच्या आसपास वजनाचा आणि सत्तर सेंटीमीटर उंचीचा हा कुत्रा धावू न देता केवळ दिसण्यावर निवडत गेले, तर चार-पाच पिढ्यांत सांध्यांची घट्ट जुळणी, पायाच्या तळव्यांची जाडी आणि वळणावरचा तोल यांची निवड आपोआप बंद पडते, कारण त्या गोष्टी रिंगणात चालताना दिसतच नाहीत. शिवाय विरारसारख्या ठिकाणच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत, दिवसातून दोनदा साखळीला बांधून फिरवला जाणारा कारवान हा बाहेरून शांत दिसला तरी त्याला आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण असलेल्या जागी मोकळी धाव मिळाली पाहिजे, आणि ती देण्याची सोय नसलेल्याने ही जात घेऊ नये. मुधोळजवळ तिम्मापूर येथील श्वान संशोधन व माहिती केंद्राने आणि दोन्ही केनेल क्लबांनी पैदाशीसाठी निवडायच्या नर-मादीला चिंधीमागील धावेची परीक्षा सक्तीची करावी, तिच्यात वेगाइतकेच गुण सोडण्याआधी शांत उभे राहण्याला आणि पहिल्या हाकेला परत येण्याला द्यावेत, आणि परीक्षक म्हणून ज्यांच्या घराण्यांनी ही कुत्री माळावर पळवली त्या समाजांतील जाणत्यांना मानधन देऊन बोलवावे. त्यांतले बरेचसे आज वृद्ध आहेत, त्यामुळे हे काम येत्या दोन-चार हंगामांतच हाती घ्यावे लागेल.